सोनं धुण्याची सोपी रीत

2025 साली तोळ्याने लाखाचा आकडा ओलांडला आणि मध्यमवर्गीय माणसाचा सोन्याशी असलेला संबंध दुसऱ्याच्या लग्नात मान वळवून बघण्यापुरता उरला. अशा दिवसांत सोनं विकत न घेता मिळवण्याचा एखादा सात्त्विक मार्ग असावा, असं कुणालाही वाटेल. तसा मार्ग आहे. अमेरिका, कॅनडा, ऑस्ट्रेलिया इथली निवृत्त मंडळी सुट्टीच्या दिवशी गुडघाभर पाण्यात उभी राहून पसरट भांड्यात रेती हलवतात, संध्याकाळी कंबर धरून घरी येतात आणि या सगळ्याला छंद म्हणतात. आपल्याकडे काही कुटुंबं हेच काम पिढ्यान्‌पिढ्या करत आली, पण त्यांना ते छंद म्हणून करायचं सुचलं नाही. ही राष्ट्रीय उणीव भरून काढण्यासाठी प्रस्तुत मार्गदर्शन आहे. कार्यक्षेत्र चंद्रपूर आणि गडचिरोली, म्हणजे 26 ऑगस्ट 1982 पर्यंतचा एकसंध जिल्हा, जुन्या नावाने चांदा.

हाच मुलूख का

कारण खुद्द सरकारला इथे सोनं दिसलं आहे. डिसेंबर 2022 मध्ये तत्कालीन मुख्यमंत्री एकनाथ शिंदे यांनी मुंबईतल्या एका कार्यक्रमात सांगितलं, की चंद्रपूर आणि सिंधुदुर्ग या जिल्ह्यांत सोन्याचे साठे असण्याची शक्यता आहे. चंद्रपुरातल्या मिंझरी आणि बामणी या दोन ब्लॉकची नावंही तेव्हा पुढे आली. त्या दिवसापासून धुऱ्यावरच्या प्रत्येक चकाकत्या दगडाकडे माणसं जरा आदराने पाहू लागली. नवशिक्याने मात्र अशा बातम्या वाचण्याचं थोडं शिक्षण आधी घ्यावं. फेब्रुवारी 2020 मध्ये उत्तर प्रदेशातल्या सोनभद्र जिल्ह्यात तीन हजार टन सोनं सापडल्याची बातमी देशभर झाली होती. भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणाने लगेच खुलासा केला, की आमच्या अंदाजात सुमारे 52,806 टन खनिज आहे, टनाला सरासरी 3.03 ग्रॅम सोनं आहे आणि हिशेब केला तर सगळं मिळून 160 किलोच्या आसपास भरेल. तेव्हा किती टन ते नंतर पाहावं, कशाचे टन ते आधी.

या मुलखाला खजिन्याची परंपराही आहे. आरमोरी तालुक्यात, खोब्रागडी नदीकाठी वैरागड आहे. अबुल फजलच्या ‘आईन-ए-अकबरी’त या गावची हिऱ्यांची खाण नोंदवलेली आहे आणि तिथे रानटी हत्ती पुष्कळ आहेत असंही म्हटलं आहे. पुढे हिरेही संपले आणि हत्तीही. मग ऑक्टोबर 2021 मध्ये छत्तीसगडकडून हत्तींचा एक कळप गडचिरोलीत आला आणि धानाच्या बांध्यांत रमला. म्हणजे अबुल फजलच्या नोंदीतली अर्धी संपत्ती परत आली आहे. उरलेली अर्धी आलीच तर तीही शेतकऱ्याच्या धानावरून चालत येईल, असं समजायला हरकत नाही.

साहित्य

परदेशात यासाठी खास खाचा असलेली प्लॅस्टिकची थाळी विकत मिळते. आपल्याला बांधकामाच्या दुकानातलं काळं प्लॅस्टिकचं घमेलं पुरतं. काळं अशासाठी, की पिवळा कण त्यावर उठून दिसतो. लोखंडी घमेलं घेऊ नये, कारण शेवटी चुंबक वापरायचं असतं आणि ते कणापेक्षा घमेल्यालाच घट्ट मिठी मारतं. घरातली परात उचलण्याचा मोह अनेकांना होईल. तिला तेलातुपाचा अंश लागलेला असतो आणि अशा भांड्यात पिठासारखं बारीक सोनं बुडायच्या ऐवजी पाण्यावर तरंगतं आणि गाळाबरोबर निघून जातं. म्हणून भांडं कोणतंही असो, आधी राखेने खसखसून घासावं. परात नेलीच तर घरी परतल्यावर जे होईल त्याची जबाबदारी मार्गदर्शकाकडे नाही.

याशिवाय फावडं, जाड्या गोट्यांसाठी चाळणी, बिघडलेल्या स्पीकरमधलं चुंबक, एक शिशी, डोळ्यांत औषध घालायचं ड्रॉपर आणि डोक्याला दुपट्टा. मोबाईल न्यावा, पण छायाचित्र घालून ‘आज वैनगंगेत’ असं लिहू नये. का, ते परवानग्यांच्या भागात येईल.

नदी आणि तिची जागा

वैनगंगा मध्य प्रदेशातल्या शिवनी जिल्ह्यात उगम पावते, भंडाऱ्यातून खाली येते, चपराळ्याजवळ वर्धा तिला मिळते, तिथून तिचं नाव प्राणहिता होतं आणि सिरोंच्याला ती गोदावरीत जाते. तिच्या वाटेवर नागपूर-भंडाऱ्याकडचा साकोली पट्टा म्हणून ओळखला जाणारा फार जुना खडक आहे. त्या पट्ट्यात परसोडी, मरूपार अशा ठिकाणी भूवैज्ञानिकांनी सोन्याच्या खुणा नोंदवल्या आहेत. खडक झिजतो, पाऊस तो धुतो, ओढे तो गाळ नदीत आणून टाकतात. नदीत सोनं येतं ते असं, कणाकणाने. कुणाला गोळा सापडल्याच्या कथा ऐकू आल्या तर त्या झाडीपट्टीच्या नाटकासाठी जपून ठेवाव्यात. वडशाच्या नाटक मंडळ्यांना नव्या कथानकाची गरज असतेच.

सोनं जड असतं, हा या विद्येचा पहिला आणि जवळजवळ एकमेव सिद्धान्त. ते पाण्याच्या 19.3 पट जड आणि साधी रेती 2.65 पट. त्यामुळे पाण्याचा जोर जिथे मोडतो तिथे ते बसतं: वळणाच्या आतल्या अंगाला, मोठ्या धोंड्याच्या मागे, अर्जुनाच्या उघड्या पडलेल्या मुळांत, तळाच्या खडकाच्या भेगांत. रेतीच्या ढिगाच्या माथ्यावर नाही. जिथे काळी, जड, चुंबकाला चिकटणारी रेती ओळीने साचलेली दिसेल तिथे खणावं. सोनं तिच्या संगतीत राहतं. काळी रेती म्हणजे सोनं असा मात्र अर्थ नाही. नवशिक्याला एवढा फरक कळायला साधारण एक हंगाम जातो.

हंगाम कोणता? पावसाळ्यात नदीजवळ जाऊ नये. मे महिन्यात चंद्रपूर आणि ब्रह्मपुरीचा पारा पंचेचाळिशी ओलांडतो. त्या दिवसांत नदीत पाणी कमी असतं आणि सोनं शोधणाऱ्याच्या अंगातही. राहिला दिवाळीनंतरचा काळ. पाणी उतरलेलं असतं, ऊन सोसतं आणि पावसाने नवा गाळ आणून टाकलेला असतो. हा काळ वाघालाही आवडतो. म्हणून पहाटे आणि तिन्हीसांजेला नदीवर थांबू नये, एकट्याने वाकून बसू नये आणि रेतीवर ताजे पंजे दिसले तर सोन्याचा विचार त्या दिवसापुरता बाजूला ठेवावा. गडचिरोलीत हिवतापाचे डासही आहेत. शिवाय वर गोसीखुर्द धरण आहे. त्याची दारं उघडल्याची सूचना आली असेल तर नदीपात्रातून ताबडतोब बाहेर यावं. या परिच्छेदातल्या सूचना विनोदाने घेऊ नयेत.

प्रत्यक्ष कृती

धानाच्या मुलखात राहणाऱ्याला ही कृती फारशी शिकवावी लागत नाही. घरातली आजी तांदूळ रोळते, हलके दाणे पाण्याबरोबर पुढच्या भांड्यात जातात आणि खडे मागे राहतात. इथे तेच करायचं, फक्त खडा ठेवायचा आणि बाकी सगळं सोडून द्यायचं.

घमेलं अर्ध्याहून थोडं जास्त भरावं आणि संथ पाण्यात बुडवावं. मातीची ढेकळं बोटांनी कुस्करावीत, गोटे धुऊन बाहेर टाकावेत. मग घमेलं पाण्याखालीच आडवं, जोरजोरात हलवावं, म्हणजे जड ते तळाला जातं. आता पुढची कड थोडी खाली करून पाणी आत-बाहेर खेळवावं आणि वरचा थर जाऊ द्यावा. पुन्हा हलवावं, पुन्हा वरचा थर जाऊ द्यावा. असं करत तळाला मूठभर काळी रेती उरली की घाई थांबवावी, कारण नवशिक्या घालवतो ते इथेच घालवतो. काळी रेती सुकवून कागदावर पसरावी आणि कागदाखालून चुंबक फिरवावं. लोहाचे कण बाजूला होतील. जे उरेल त्याकडे भिंगातून पाहावं.

काहीतरी चमकेल. बहुधा ते अभ्रक असेल. ओळखण्याची खूण सोपी: सावलीत न्यावं. अभ्रक एका कोनातून झळकतं आणि सावलीत विझतं, सोनं सावलीतही पिवळंच राहतं. पितळेसारखा करकरीत पिवळा तुकडा मिळाला तर त्याला सुईने टोचावं. भुगा झाला तर ते सुवर्णमाक्षिक किंवा त्याच्या भाऊबंदांपैकी कुणीतरी. वैद्यांना त्याचं महत्त्व आहे, सराफाला नाही. सोनं सुईखाली मऊ पडतं, दबतं, तुटत नाही.

एक गोष्ट करू नका. कणांना गोळा करायला पारा वापरू नका. पारा सोन्याला धरतो हे खरं, पण मग तो जाळून उडवावा लागतो आणि ती वाफ फुफ्फुसात जाते. धुवून टाकला तर माशांत जातो आणि मासे गावकरी खातात. पाऱ्याच्या वापरावर आळा घालणारा मिनामाता करार भारताने 2018 साली मान्य केला आहे. छंदापायी दुसऱ्याच्या ताटात विष सोडणाऱ्याला हौशी म्हणत नाहीत.

परवानग्या

हा भाग लांब आहे. नदीपेक्षाही लांब.

महाराष्ट्र जमीन महसूल संहितेच्या कलम 48 प्रमाणे जमिनीतल्या खनिजांवर हक्क राज्य शासनाचा. म्हणजे तुमच्या घमेल्यातला कण तुम्ही पाहण्याआधीपासून शासनाचा आहे. तुम्ही फक्त तो त्यांच्या वतीने वाकून शोधत आहात. रेती हे गौण खनिज, तिचा कारभार महसूल खात्याकडे. सोनं मात्र मुख्य खनिज, त्याला 1957 चा खाण आणि खनिज कायदा लागतो. त्यात पूर्वेक्षणाचा परवाना आहे, खाणपट्टा आहे, लिलाव आहे. हौशीने घमेलं घेऊन येण्याची सोय नाही. तहसील कचेरीत जाऊन ‘मला रविवारी थोडं सोनं धुवायचं आहे’ असा अर्ज दिला, तर तो कोणत्या टेबलावर जाईल हे पाहण्यासारखं असेल. बहुधा आवक-जावक बारनिशीतच तो गाळासारखा तळाला बसेल.

नदी सोडून जंगलातल्या नाल्यावर गेलात तर काम आणखी सुरस होतं. 1927 च्या भारतीय वन कायद्यात वनोपज कशाला म्हणावं याची यादी आहे. तिच्यात लाकूड, मोह, लाख, मध यांच्याबरोबर जंगलातून आणलेली माती, दगड आणि खनिजंही आहेत. म्हणजे नाल्यातला सोन्याचा कण कायद्याच्या नजरेत तेंदूच्या पानाच्या शेजारी बसतो. तेंदूच्या पानाला निदान संकलन केंद्र आहे. व्याघ्र प्रकल्पाच्या आत तर घमेलं नेण्याचा विचारही करू नये. तिथे पाहण्याची परवानगी असते, उचलण्याची नाही.

गडचिरोलीचा मोठा भाग अनुसूचित क्षेत्रात येतो आणि तिथे 1996 चा पेसा कायदा आहे. गौण खनिजाच्या परवान्याआधी ग्रामसभेची किंवा पंचायतीची शिफारस लागते. धानोरा तालुक्यातलं मेंढा-लेखा हे गाव ‘आमच्या गावात आम्हीच सरकार’ म्हणणारं आणि 2009 साली सामूहिक वनहक्क मिळवणारं. तिथे निर्णय बहुमताने होत नाहीत, सर्वांची संमती व्हावी लागते. एक माणूस जरी म्हणाला, ‘हे कशाला?’ तर चर्चा पुन्हा सुरू. तुमच्या छंदावर अशी चर्चा व्हावी, अशी मार्गदर्शकाची मनापासून इच्छा आहे, कारण ‘हे कशाला?’ या प्रश्नाचं उत्तर या मार्गदर्शिकेतही नाही.

शेवटी पोलीस. नदीकाठी अनोळखी माणूस, पाठीवर पिशवी, हातात फावडं, खिशात चुंबक आणि शिशी. गडचिरोलीत याचा पहिला अर्थ ‘छंद’ असा कुणी लावत नाही. ओळखपत्र जवळ ठेवावं आणि विचारल्यावर ‘सोनं शोधतोय’ हे खरं उत्तर द्यावं. हसले तर सुटलात.

एवढं सगळं वाचत असताना शेजारच्या रस्त्यावरून एटापल्ली तालुक्यातल्या सुरजागडच्या पहाडाचं लोहखनिज ट्रकांमागून ट्रक भरून जात असेल. त्यांचे कागद पूर्ण असतात. पहाडाचे कागद होतात, चिमटीचे होत नाहीत.

जमाखर्च

छंदात हिशेब करू नये म्हणतात, पण मराठी माणसाला त्याशिवाय झोप लागत नाही. समजा एका टन रेतीत 20 मिलिग्रॅम सोनं आहे. एक ब्रास म्हणजे शंभर घनफूट, साधारण साडेचार टन. वीस किलोचं एक घमेलं धरलं तर ब्रासभर रेतीची 225 घमेली होतात. प्रत्येकाला दहा मिनिटं लावली तर 37 तासांच्या वर काम, म्हणजे रोज आठ तास वाकून जवळपास पाच दिवस. सोनं 90 मिलिग्रॅम. त्यातलं निम्मं नवशिक्या नदीला परत करतो. उरले 45 मिलिग्रॅम. ग्रॅमला दहा हजार रुपये धरले तर साडेचारशे रुपये. त्याच पाच दिवसांत रोजगार हमीवर गेलात तर 2025-26 च्या दराने, दिवसाला 312 प्रमाणे, 1,560 रुपये होतात.

आता तीच ब्रासभर रेती न धुता पाहा. 2023 च्या रेती धोरणात शासनाने ती 600 रुपयांना द्यायचं ठरवलं होतं. हा कागदावरचा स्वस्तातला भाव. घर बांधणाऱ्याला प्रत्यक्षात ती कितीला पडली हे त्याच्या तोंडून ऐकावं, आणि ऐकताना लहान मुलं जवळ नसावीत. म्हणजे साडेचारशेच्या सोन्यासाठी तुम्ही पाच दिवस खपून सहाशेची रेती पाण्यात सोडलीत.

रात्री घाटावर येणाऱ्या टिप्परवाल्याला हा हिशेब न शिकता येतो. तुम्हाला पाहून तो खरोखर कळवळून विचारेल, ‘काय शोधता जी?’

‘सोनं.’

‘मंग रेती काहून फेकून राह्यले?’

या दोन जिल्ह्यांतल्या नद्यांचं अर्थशास्त्र यापेक्षा कमी शब्दांत कुणी सांगितलेलं नाही. नदीतून सोनं काढणारे श्रीमंत झाल्याचं इथे कुणी पाहिलेलं नाही. नदीतून नदीच काढणाऱ्यांबद्दल तसं म्हणता येणार नाही. त्यांना घमेल्याने पाणी खेळवावं लागत नाही, काळी रेती ओळखावी लागत नाही, सुईची परीक्षा नाही. जेसीबीला एवढंच कळतं, की सगळंच जड आहे.

तज्ज्ञांचा सल्ला

कोणतीही विद्या गुरूकडून घ्यावी. या विद्येचे गुरू म्हणजे सोनझारी. रसेल आणि हिरालाल यांच्या 1916 च्या मध्य प्रांतातल्या जातीजमातींवरच्या ग्रंथात ओढ्यांच्या पात्रात सोनं धुणारी छोटी जात म्हणून त्यांची नोंद आहे आणि त्यांच्या जिल्ह्यांत मंडला, बालाघाट यांच्याबरोबर चांद्याचंही नाव आहे. लाकडाचं उथळ पात्र, वाकलेली पाठ आणि नजर, एवढ्यावर त्यांचा धंदा. ओढ्याचा कोणता कोपरा धुवायचा हे ते पाणी पाहून सांगत. त्याचं शिबिर नाही, प्रमाणपत्र नाही.

आणि कमाई? दिवसभर धुतलेलं सोनं धुणाऱ्या हाताशी न राहता संध्याकाळी घेणाऱ्याकडे जातं, आणि त्याचा कस नेहमी घेणाराच ठरवतो. नदीने पोट भरेना तेव्हा या कामातली माणसं सराफ बाजारात आली. दुकानापुढची धूळ झाडायची, गटारातला गाळ उपसायचा, तो धुवायचा आणि सोनाराच्या कानशीतून उडालेला कण शोधायचा. पश्चिम महाराष्ट्रात हेच काम करणाऱ्यांना झारेकरी म्हणतात. तुमच्या मंगळसूत्राची घडाई होताना जे ‘घट’ म्हणून वजा झालं, त्यातलं थोडं अशा कुणाच्या तरी चुलीवर भाकरी होऊन गेलेलं असतं. दुकानदार सकाळी दुकान उघडतो त्याआधी यांची झाडलोट उरकलेली असते. ती पाहायला मात्र कुणी पर्यटक येत नाही.

तेव्हा गुरू करायचा असेल तर रीतसर करा. एखाद्या सोनझारी बाईला किंवा बाप्याला दिवसभराची पूर्ण मजुरी आधी हातात द्या, सापडेल ते त्यांचं ठेवा आणि स्वतः शेजारी बसून घमेलं हलवा. तासाभरात तुमची कंबर बोलू लागेल. ते काही बोलणार नाहीत, हात चालू ठेवतील. सापडलेल्या कणाचा फोटो काढण्याआधी त्यांना विचारा. सामाजिक माध्यमांवर आपल्या ‘डिजिटल डिटॉक्स’च्या शेजारी त्यांचा चेहरा लावू नका.

आता कण सापडलाच तर त्याचं काय करावं. ड्रॉपरने उचलून शिशीत घ्यावा, थोडं पाणी घालावं आणि उजेडात धरून घरच्यांना दाखवावा. कुणाला तो दिसला नाही तर चष्मा पुसायला सांगावं. सराफाकडे नेऊ नये, तो काट्यावर ठेवेल आणि काटा हलणार नाही. कायद्याने तो शासनाचा, म्हणून शासनाला परत करायची प्रामाणिक इच्छा असेल तर तहसील कचेरीत जावं. मात्र पावती मागू नये. ‘सोने, कण एक, नदीतून प्राप्त’ असा नमुना त्यांच्याकडे नाही आणि नवा नमुना मंजूर होईपर्यंत तुम्हाला बाकावर बसावं लागेल.

घमेल्यात उरलेली रेती मात्र आठवणीने नदीतच ओता. चपलेत अडकलेलीसुद्धा झटका. विनापरवाना गौण खनिज नेलं तर बाजारभावाच्या पाचपटीपर्यंत दंड आहे, आणि घमेलंवाला टिप्परपेक्षा सावकाश पळतो.